एका वर्षाने मोठा

मुसाकुन खासदाराने तीन निवडणुका जिंकल्या त्या चहाच्या जोरावर. भाषणं तो ठोकायचा, पण भाषणं काय, कोणीही ठोकतं. त्याची खरी हातोटी वेगळीच होती. कोंगुरसाय खोऱ्यातल्या कुठल्याही गावात सभा असली आणि समोरचा उमेदवारही तिथे आलेला असला, की मुसाकुन आधी त्याला जवळ बोलवायचा, पाठीवर हात ठेवायचा आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, "बाळा, तुझं वर्ष कोणतं रे?"

"माकडाचं, मुसेके," तो बिचारा सांगायचा. मोठ्याचं नाव आमच्याकडे असं आदराने वळवून घेतात. आमच्याकडे वय आकड्यात सांगत नाहीत. बारा वर्षांचे बारा प्राणी, जो ज्याच्या वर्षात जन्मला तो त्याचा, आणि कोण कोणाहून कितीने मोठा ते शेंबडं पोरही बोटांवर मोजून सांगतं.

"अरे, मग तू तर आमच्या शेंडेफळाहूनही लहान!" असं म्हणून मुसाकुन चहाच्या समोवारकडे नुसतं बघायचा. संपला विषय. मोठा माणूस बसलेला असताना लहान माणूस मांडी घालून कसा राहणार? तो उठायचा आणि वाट्यांत चहा ओतत फिरायला लागायचा. पहिल्या निवडणुकीत अर्थशास्त्राचा एक प्राध्यापक असा फिरला, दुसऱ्या वेळी पोलिसातला कर्नल, तिसऱ्या वेळी तर बिचारा राजधानीतून सूटबूट घालून आलेला कारखानदार. चाळीस म्हाताऱ्यांना चहा देऊन झाल्यावर त्यांच्या विकासाच्या योजना ऐकायला कोणी शिल्लक राहत नसे. पक्ष फुटले, पक्षांची नावं बदलली, राष्ट्राध्यक्ष बदलले, पण मुसाकुन मानाच्या जागेवर दाराकडे तोंड करून तसाच बसलेला.

संसदेत त्याची ओळख होती चालीरीतींचा रखवालदार अशी. प्लास्टिकच्या कापडाच्या राहुट्यांवर बंदी आणायचं विधेयक त्याचं. शाळेच्या झेंडावंदनाला पोरगा आपली पांढरी नमद्याची टोपी, म्हणजे कल्पाक, न घालता, बोडक्याने आला तर बापाला दंड, हे विधेयकही त्याचंच, आणि ते चक्क मंजूर झालं. 'आपल्या चालीरीती' नावाचं चाळीस पानी पुस्तकही त्याने छापून घरोघर वाटलं होतं. आता, हाच मुसाकुन सोव्हिएत काळात तरुण कम्युनिस्टांचा तालुका चिटणीस होता आणि कुरणाकुरणांवर जाऊन 'जुनाट रूढी' पाळणाऱ्यांना दंड ठोकत होता, हे खोऱ्यात सगळ्यांना माहीत होतं. पण कोणी बोलत नसे. लहानांनी बोलायचं नाही म्हणून बोलायचं नाही, आणि मोठ्यांपैकी बऱ्याच जणांनी त्या काळात काय काय केलेलं होतं, तेव्हा सगळेच गप्प.

एक माणूस सोडून. त्याचं नाव जोलचू.

जोलचू घोड्यांचा वैद्य. आयुष्यभर घोड्यांचे खूर आणि दात बघत हिंडलेला, पाय कमानीसारखे वाकलेले, आवाज असा की एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर ऐकू जावा. तो आणि मुसाकुन दोघंही मेंढीच्या वर्षातले. म्हणजे कुरदाश. आता कुरदाश म्हणजे नुसता समवयस्क नव्हे. कुरदाशाला कुरदाशाची वाट्टेल ती थट्टा करायचा हक्क असतो, चारचौघांत, बायकापोरांसमोर, मग तो खासदार असो नाहीतर खान. आणि ज्याची थट्टा झाली त्याने उलट थट्टा करावी, हसावं, काहीही करावं, पण रागावायचं नाही. मुसाकुनच्या त्या पुस्तकात चौदाव्या पानावर खुद्द त्यानेच लिहिलेलं होतं की कुरदाशाच्या थट्टेवर चिडणाऱ्याला माणसांत धरू नये.

खोऱ्यात लग्न असो, बारसं असो, मयताच्या वर्षाचं जेवण असो, जोलचू शेजारी येऊन बसणार हे ठरलेलं. मुसाकुनने घसा साफ करून "आपल्या पूर्वजांनी..." असं सुरू केलं, की जोलचू चरबीचा बचकाभर तुकडा उचलून त्याच्या तोंडात कोंबायचा. "खा रे बाबा, पूर्वज कुठे पळून जात नाहीत. मांस गार होतंय." लोक खो खो हसायचे. तरुणपणी मुसाकुनही काही कमी नव्हता. "हा जोलचू घोडीच्या पोटात हात घालून शिंगरू काढतो आणि तोच हात धुवायचा विसरून आपल्या पंगतीला येतो," असं तो म्हणायचा आणि पोरींची हसून हसून मुरकुंडी वळायची. दोन-दोन तास ही जुगलबंदी चालायची. पण पुढे खासदारकी अंगात मुरली. मुसाकुनला उत्तरं सुचेनाशी झाली. तो नुसता चरबी गिळायचा आणि ओठ पुसायचा.

चौथ्या निवडणुकीच्या उन्हाळ्यात एका लग्नात जोलचू उभा राहिला आणि म्हणाला, "लोकहो, बावीस वर्षांचा होतो, डोक्यावर कल्पाक घालून सहकारी शेतीच्या सभेला गेलो. हा चिटणीस. मला म्हणाला, जुनाट रूढी! केला दंड. भरला मी. परवा माझा नातू शाळेत बोडक्याने गेला. आता हा खासदार. म्हणे, परंपरेचा अपमान! केला दंड. तोही भरला मी. अरे माझ्या राजा, डोकं तेच, कल्पाक तोच, तू एकदा काय ते ठरव ना! आणि थांबा, पुढचं ऐका. माझ्या चुलत्याच्या मयताला घोडा कापला म्हणून हा पंचनामा करायला आला होता. सगळा पंचनामा नीट लिहिला, सह्या घेतल्या, आणि मग हळूच म्हणतो कसा, 'आता कापलाच आहे, तर माझा वाटा जरा बांधून द्या.'"

मांडव हसून कोसळायचा बाकी राहिला. नवरदेवाची आजी डोळे पुसत होती. मुसाकुनही हसला, दुसरं करणार काय? पण कोणीतरी ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं. दोन दिवसांत ते राजधानीपर्यंत पोचलं, आणि संसदेच्या उपाहारगृहात एका मंत्र्याने मुसाकुनला विचारलं, "काय मुसेके, तुमचा वाटा बांधून देऊ का?"

हे मात्र त्याला झोंबलं. मंत्री कुरदाश नव्हता, पंधरा वर्षांनी लहान होता.

"हा माणूस मला पाडणार," तो घरी येऊन बायकोला म्हणाला. "या खेपेला तो अझीस उभा आहे, तरणाबांड, हातात पैसा. आणि इकडे हा जोलचू माझी लक्तरं वेशीवर टांगतोय."

अनारकानने चाळीस वर्षं संसार केला होता आणि नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं, पण बाकी बोलायला ती कुणाच्या बापाला भ्यायची नाही. "अहो, हसतायत तर हसू द्या की. रडत तर नाहीत ना? एक मेंढी कापा, जोलचूला बोलवा, आणि तुम्हीही द्या चार ठेवून. पूर्वी द्यायचात की."

"खासदाराने असलं बोलायचं?"

"मग नका होऊ खासदार."

हे काही मुसाकुनला पटण्यासारखं नव्हतं. जोलचूला गप्प बसवायचं होतं, पण चालीरीत मोडायची नव्हती, कारण चालीरीत मोडली तर त्याच्याकडे उरलं काय? चार दिवस तो विचार करत राहिला. पाचव्या दिवशी त्याला युक्ती सुचली आणि ती इतकी सोपी होती, की आपल्याला तीस वर्षांत कशी सुचली नाही याचंच त्याला नवल वाटलं. कुरदाशाचं तोंड बंद करता येत नाही. पण कुरदाश नसलेल्याचं येतं.

मुख्याध्यापक शेरालींच्या सत्तरीचं जेवण होतं. सगळं खोरं लोटलेलं. मुसाकुनने मुद्दाम आपल्या मावशीला, काल्यिपाला, गाडीत घालून आणलं. मावशी नव्वदीची. तिला काहीही विचारलं तरी ती हो म्हणायची आणि नाही विचारलं तरी मान डोलवायची. जेवणं सुरू झाली तसा मुसाकुन गंभीर चेहरा करून उठला. "आज मला एक गोष्ट सगळ्यांसमोर सांगायचीय. माझ्या आईने जाताना माझ्या कानात सांगितलं होतं की दाखल्यावरचं माझं वर्ष चुकीचं आहे. तेव्हा नोंदी वर्ष-दोन वर्षं उशिरा व्हायच्या, तुम्हाला ठाऊकच आहे. मी मेंढीच्या वर्षातला नाही. त्याच्या आधीच्या, घोड्याच्या वर्षातला आहे. आता ही जाणती एकच उरलीय. मावशी, मी घोड्याच्या वर्षातला ना?"

"घोड्याच्या रे बाबा, घोड्याच्या," मावशी म्हणाली. मग शेजारणीला विचारलं, "हा कोणाचा गं?"

मागे कोणीतरी खुसखुसलं की उंदराच्या वर्षातला का विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती. पण मोठ्याने कोण बोलणार? नव्वदीच्या बाईला खोटं पाडायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि हे मुसाकुनला पुरतं ठाऊक होतं.

जोलचूच्या हातात चरबीचा तुकडा तयार होता. तो थांबला. मुसाकुनकडे त्याने नीट बघितलं, घोड्याचे दात बघावेत तसं. मग तुकडा ताटात ठेवला, बोटं पुसली आणि उभा राहिला. "मग चुकलंच माझं," तो म्हणाला. "एवढी वर्षं मोठ्या माणसाशी अरे-तुरे करत होतो. मला माफ करा, मुसेके." दोन्ही हात पुढे करून त्याने मुसाकुनचा हात धरला, आणि एक जागा खाली सरकून बसला. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा कुठे दिसते का ते मुसाकुन शोधत होता. कुठेही नव्हती.

त्या दिवसाचं भाषण मुसाकुनने पाऊण तास केलं. पूर्वजांपासून ते पाटाच्या पाण्यापर्यंत, एकदाही कोणी अडवलं नाही. घरी जाताना गाडीत तो गुणगुणत होता. अनारकान खिडकीबाहेर बघत होती.

त्यानंतर जोलचू रस्त्यात दिसला की घोड्यावरून उतरायचा. आधी स्वतः सलाम करायचा, "तब्येत बरी ना, मुसेके? घरचे बरे ना?" म्हणायचा, आणि मुसाकुन पुढे जाईपर्यंत लगाम धरून उभा राहायचा. पंगतीत खाली मान घालून जेवायचा. कोणी पोरांनी "जोलचूआबा, ती पंचनाम्याची गोष्ट सांगा ना," म्हटलं तर डोळे वटारायचा. "मोठ्या माणसाबद्दल असं बोलतात होय रे?"

पहिला आठवडा मुसाकुनला स्वर्ग दोन बोटं उरला. दुसऱ्या आठवड्यात घोड्याच्या वर्षातले लोक आले. खोऱ्यात त्यांच्यातले चारच जिवंत होते. त्यांचा म्होरक्या सिदिक, ठार बहिरा. दारातच त्याने मुसाकुनच्या पाठीत असा गुद्दा घातला की कल्पाक डोळ्यांवर आला. "काय रे चोरा, साठ-बासष्ट वर्षं कुठे लपला होतास? तुझ्याकडून आमची मेजवानी बाकी आहे!" नियमच तो. मुसाकुनने मेंढी कापली. चौघांनी खाल्ली आणि थट्टाही केली, पण थट्टा करायची तर माणूस आतून-बाहेरून माहीत पाहिजे, आणि त्यांना मुसाकुन फक्त वर्तमानपत्रातला माहीत. पोटावरून दोन बोलले, टकलावरून एक बोलले, मग गप्प बसले. सिदिक पेंगायला लागला.

आणि सभा! सभांना लोक यायचे, चहा प्यायचे, पंधरा-वीस मिनिटांनी बूट शोधायला लागायचे. तिकडे अझीसच्या सभा मात्र लांबत होत्या. या पोराने काय करावं? त्याचं वर्ष कोणी विचारायच्या आधीच तो उठायचा, बाह्या सारायचा आणि स्वतः चहा ओतायला लागायचा. आणि ओतता ओतता एकेका म्हाताऱ्यापाशी उकिडवा बसून विचारायचा, "आजोबा, पाटाचं पाणी किती दिवसांनी येतं? नात कोणत्या शाळेत?" चाळीस म्हातारे म्हणजे चाळीस गप्पा. मुसाकुन मानाच्या जागेवरून हे बघत बसायचा. तिथून खाली उतरून कोणाशी बोलायची सोयच नव्हती.

"कळलं का?" अनारकान म्हणाली. "लोक तुमचं ऐकायला येत नव्हते. तुमचं आणि जोलचूचं ऐकायला यायचे. खासदार आपल्यासारखाच खातो, मार खातो, हसतो, हे बघायला यायचे. जा त्याच्याकडे."

"आणि काय सांगू?"

"खरं सांगा."

"आता? मतदान तीन आठवड्यांवर आलंय! खोटारडा म्हणून पाडतील मला. निवडणूक होऊ दे, मग जातो. स्वतः जातो, मेंढी घेऊन जातो."

त्याला जायचं होतं, यात खोटं काही नाही. संध्याकाळी घराच्या पायरीवर बसल्यावर त्याला जोलचूला सांगण्यासारखं काय काय सुचायचं. सिदिकचा गुद्दा, मावशीचं "हा कोणाचा गं", सगळं. हे सांगून खदाखदा हसायला अख्ख्या खोऱ्यात त्याला दुसरं कोणी नव्हतं. मुसाकुनला फार एकटं वाटायचं आणि तो ते कोणाला सांगूही शकत नव्हता.

मतदानाला बारा दिवस होते. जोलचू वरच्या कुरणावरून घोड्या खाली आणायला निघाला, खोगिराचा पट्टा आवळता आवळता खाली बसला, आणि उठलाच नाही.

मयताला जाताना गाडी तोलोगोन चालवत होता, अनारकानचा भाऊ, प्रचाराचा सगळा कारभार त्याच्याकडे. "दाजी, आता डोकं शांत ठेवा," तो म्हणाला. "सगळं खोरं तिथे उभं आहे. अझीसही आलाय. तुम्ही कसं रडता त्यावर सगळ्यांचे कान असणार."

हे खरंच होतं. आमच्याकडे पुरुष मयताला येतो तो लांबूनच मोठ्याने रडत येतो, आणि मेलेला आपला कोण होता ते हाक मारून सांगत येतो. बाप असेल तर बापा, भाऊ असेल तर भावा. राहुटीबाहेर उभी असलेली माणसं ते ऐकत असतात. त्या हाकेत खोटं-खरं करायला जागा नसते.

"'माझ्या धाकट्या भावा' असं रडायचं," तोलोगोन समजावत होता. "दोनदा, फार तर तीनदा. मग मी दंडाला धरतो. 'कुरदाशा' म्हणालात तर संपलं. अझीसची माणसं उद्या सकाळी दारोदार सांगतील की नव्वदीच्या बाईला पुढे करून खासदार खोटं बोलला. तीस वर्षांचं राजकारण एका हाकेत जाईल, दाजी."

"कळतं रे मला," मुसाकुन म्हणाला. आणि गाडीत, खिडकीच्या काचेकडे तोंड करून, त्याने दोनदा हळू आवाजात म्हणूनही बघितलं, माझ्या धाकट्या भावा, माझ्या धाकट्या भावा. बरं जमत होतं.

तो गाडीतून उतरला. समोर अंगणात राहुटी उभारलेली. जोलचूची पोरं कमरेला पट्टे बांधून, काठ्यांवर वाकून उभी होती आणि रडत होती. आतून बुरुलचा आवाज येत होता, जोलचूच्या बायकोचा. नवऱ्याचं शोकगीत गात होती ती, भिंतीकडे तोंड करून. त्यात कुठली घोडी आजारी असताना तो तीन दिवस जेवला नव्हता ते होतं, त्याच्या वाकड्या पायांबद्दल होतं, आणि गावातल्या पंगती आता कशा मुक्या बसतील तेही होतं.

मुसाकुनने तोंड उघडलं. पन्नास पावलं होती. छातीतून जे वर आलं ते त्याने ठरवलेलं नव्हतंच.

"अरे माझ्या कुरदाशा!" तो ओरडला. "माझ्या कुरदाशा रे! मला टाकून कुठे गेलास रे, कुरदाशा!"

तोलोगोनने दंड असा दाबला की काळानिळा पडला असेल. काही उपयोग झाला नाही. मुसाकुन पन्नास पावलं तेच ओरडत गेला, कल्पाक वाकडा, नाक वाहतंय, आणि काठ्यांवर वाकलेली पोरं क्षणभर रडायची थांबून त्याच्याकडे बघत राहिली. आता संपलं, असं मुसाकुनला वाटलं, आणि खरं सांगायचं तर छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. गेली खासदारकी तर गेली.

तेवढ्यात सारिबाय पुढे आला. खोऱ्यातला सगळ्यात म्हातारा, एक्क्याण्णव वर्षांचा. "ऐकलंत?" तो लोकांकडे वळून म्हणाला. "वयाने मोठा, पदाने मोठा, आणि धाकट्याला बरोबरीचा मान देऊन रडला! याला म्हणतात जुन्या वळणाचा माणूस. पोरांनो, शिका काहीतरी!"

"नाही आबा," मुसाकुन हुंदके आवरत म्हणाला. "मी खरंच मेंढीच्या वर्षातला आहे. मी खोटं बोललो होतो. आम्ही एका वर्षाचे."

सारिबायने त्याला छातीशी धरलं. "बघा, बघा! दुःखात स्वतःला लहान करून घेतोय. अरे, तुझ्या मावशीने आम्हा सगळ्यांसमोर सांगितलंय, आता कोणाकोणाला खोटं पाडशील?"

मुसाकुनने आणखी तिघांना सांगून पाहिलं. मुख्याध्यापक शेरालींना सांगितलं, त्यांनी त्याचा हात दाबला आणि डोळे टिपले. सिदिकच्या कानात ओरडून सांगितलं, तर सिदिक म्हणाला, "हो हो, चांगला माणूस होता." शेवटी अझीसला बाजूला घेऊन सांगितलं. याला तरी आनंद व्हावा की नाही? पण अझीस खाली बघत म्हणाला, "मुसेके, मला असं जमलं नसतं. माझ्या बापानेही आत्ता तुम्हालाच मत द्यायचं ठरवलंय. मी काय बोलू?"

तोलोगोनला काही सांगावं लागलं नाही. त्याने ती हाक कोणाच्या तरी मोबाइलवरून मिळवली आणि गावोगाव पाठवली. मुसाकुन चौथ्यांदा निवडून आला, आणि याआधी कधी मिळाली नव्हती एवढी मतं मिळाली. राजधानीत त्याच मंत्र्याने उभं राहून त्याला खुर्ची दिली.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण जोलचूच्या घरी होतं. घोडा कापलेला. मुसाकुनला हाताला धरून मानाच्या जागेवर नेलं, अगदी वर, सारिबायच्या शेजारी. वाटे आले तेव्हा त्याच्यापुढे कमरेच्या हाडाचा मोठा वाटा आला, वडीलधाऱ्याचा. पूर्वी या घरात त्याला बरगडी मिळायची आणि तीही जोलचू अर्धी पळवायचा.

बुरुल काळ्या रुमालात चहा घेऊन आली. ती पूर्वी त्याला "आला का मेला आयता जेवायला" म्हणायची. आता तिने दोन्ही हातांनी वाटी पुढे केली. "घ्या, मुसेके."

"बुरुल," तो हळूच म्हणाला, "तू तरी असं नको गं बोलूस. तुला ठाऊक आहे ना, आम्ही एका वर्षाचे?"

"ठाऊक नसायला काय झालं?" तीही हळूच म्हणाली. "तुमच्या आईने आणि माझ्या सासूने एकाच कुरणावर, एकाच उन्हाळ्यात पाळणे बांधले होते. सासूबाई मरेपर्यंत सांगायच्या. ह्यांनाही ठाऊक होतं."

"मग तो त्या दिवशी बोलला का नाही? माझं तोंड फोडायचं तिथल्या तिथे!"

बुरुलने आधी रुमालाचं टोक सारखं केलं. "मीही तेच म्हटलं. त्या दिवशी घरी आले आणि म्हणाले, आजपासून मुसाकुनला तुम्ही म्हणायचं. मी म्हटलं, अहो, धडधडीत खोटं बोलतोय तो. तर म्हणाले, बोलू दे. आयुष्यात पहिल्यांदा कुरदाशाने चारचौघांत माझ्याकडे काही मागितलं, नाही कसं म्हणू? देऊन टाकलं." तिने वाटी त्याच्या हातात ठेवली. "आता ह्यांनी दिलेलं मी परत कसं घेऊ? प्या, गार होतंय."

ती गेली. मुसाकुनने हाड उचललं आणि तसंच परत ताटात ठेवलं. जेवणं आटोपली, हात धुऊन झाले. सारिबाय म्हणाला, "दुआ मुसाकुनने करावी." जोलचूचे दोन्ही मुलगे समोर गुडघे टेकून बसले. पन्नास-साठ माणसांनी तळहात उघडून पुढे धरले आणि माना खाली घातल्या. मुसाकुनने घसा साफ केला. आपल्या पूर्वजांपासून सुरुवात केली, मग मोठ्यांचा मान, मग लहानांची कर्तव्यं, शब्द एकामागून एक येत गेले, आणि त्याला थांबायचं कुठे ते कळेना. डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्याने एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे बघितलं. सगळे अदबीने ऐकत होते. त्याला कोणीही अडवलं नाही.